मागच्या सीटखालचा कागद

मी बोलतोय. आवाज बारीक वाटला तर सांभाळून घ्या. बावन्न वर्षं एका मोटारीच्या मागच्या सीटखाली दबून होतो. मी एक पिवळा पडलेला, कोपऱ्यावर उंदरांनी कुरतडलेला कागद. कारखान्यात गाडी जुळवताना हिला कुठलं इंजिन, कुठला रंग, कशी चाकं, हे कामगारांना कळावं म्हणून मला छापलं होतं. गाडी तयार झाली की माझ्यासारख्यांचं काम संपतं.

१९७० च्या मार्चमध्ये कारखान्यात सीट बनवणाऱ्या रूबी नावाच्या बाईनं मला सीटच्या स्प्रिंगांमध्ये खुपसलं. तिच्यासमोर दोन हिरव्या गाड्यांच्या दोन काळ्या सीट होत्या आणि हातात दोन कागद. शेजारणीला ती लेकीच्या लग्नाच्या झग्याचं कौतुक सांगत होती. बोलण्याच्या नादात कागदांची अदलाबदल झाली. माझी गाडी मागेच उभी होती. साधी, सहा सिलिंडरची. तिची माझी पुन्हा कधी गाठ पडली नाही.

मी पडलो आठ सिलिंडरच्या दांडग्या गाडीत. तसल्या गाड्या थोड्याच निघाल्या, त्यामुळे पुढे हौशी लोक त्यांच्यावर जीव टाकू लागले. अस्सल गाडीला नकलेच्या पाचपट किंमत! मग काय, साध्या गाडीत मोठं इंजिन बसवून, वर बिल्ले चिकटवून विकणारेही निघाले.

ही गाडी ऑर्विल प्रास्कनं दुसऱ्या कुणाकडून जुनीच विकत घेतली. ओहायोतल्या एका लहान गावात तो दुकानांना पाव पोचवायचा. दर रविवारी हॉटेलामागच्या मोकळ्या जागेत गाडीवेडे जमत. बॉनेट उघडायची, घडीच्या खुर्च्या टाकायच्या आणि दिवसभर एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवायची. ऑर्विलची बायको डोरीन घरचे डोनट घेऊन यायची. मला सीटखाली सगळं ऐकू यायचं, तेवढीच सोबत.

वेंडेल हा ऑर्विलचा शाळेपासूनचा दोस्त, जिभेचा भारी तिखट.

"काय रे, कातडं वाघाचं दिसतंय. आत मांजर तर नाही ना?"

"मांजर असेल तुझ्या घरी! ही अस्सल आहे, माझा शब्द."

"शब्द राहू दे. सीट उचल, खाली कारखान्याचा कागद असतो. पुढच्या रविवारी आणून दाखव, नाहीतर सगळ्यांना कॉफी पाज!"

ही १९९१ ची गोष्ट. शनिवारी दुपारी ऑर्विल शीळ घालत शेडमध्ये आला आणि त्यानं सीट उचलली. एकवीस वर्षांनी मला उजेड दिसला, माणसाचा हात लागला. मला केवढा आनंद झाला! रंग हिरवा, सीट काळ्या, असं वाचत त्याचं बोट "सहा सिलिंडर"वर येऊन थांबलं.

सगळ्यात खाली कारखान्यानं गाडीला दिलेला क्रमांक होता. पुढच्या काचेखालच्या पट्टीवरही तो असतो; तिच्याशी ताडून पाहिला असता, तर शेवटचा आकडा जुळत नाही हे त्याला कळलं असतं. गाडीवर आठ, माझ्यावर नऊ. पण आपण फसलो, आणि चारचौघांत इतकी वर्षं बढाया मारल्या, हे मनात आल्यावर आकडे कोण बघतो? तो तिथंच जमिनीवर बसला. खिशातली पेन्सिल काढून त्यानं माझ्यावर एक ओळ लिहिली आणि मला परत खुपसलं.

त्यानंतर तो रविवारी कधी गेला नाही. गुडघा दुखतो म्हणायचा. दर शनिवारी शेडमध्येच इंजिन सुरू करायचा, जरा वेळ बसायचा, बंद करायचा. तीस वर्षं आम्ही दोघं असे एकाच गाडीत एकेकटे होतो. त्याला त्या दुःखात मीच ढकललं होतं आणि मला चकार शब्द काढता आला नाही.

गेल्या हिवाळ्यात ऑर्विल गेला. गाडी विकायची म्हणून डोरीननं पारखी बोलावला, मर्ल हॅडिक्स. कुठं लांबी भरून पत्रा झाकलाय का बघायला त्यानं चुंबक फिरवलं, आरसा आणि टॉर्च घेऊन इंजिनाखाली शिरला, काजळी पुसून आकडे पाहिले. मग मला बाहेर काढून एकेक आकडा बोटानं ताडला.

"बाई, गाडी अस्सल आहे. इंजिनावरचा क्रमांक पट्टीशी जुळतोय, आकडे खोडल्याचा कुठं कानशीचा एक ओरखडा नाही. हा कागद मात्र हिचा नव्हे. शेवटचा आकडा एकानं पुढचा आहे, म्हणजे कारखान्यात हिच्या मागं असलेल्या गाडीचा इथं आला."

डोरीन पेन्सिलीची ओळ वाचत होती: 'वेंडेलचंच खरं निघालं. डोरीनला सांगायचं नाही.'

"म्हणजे गुडघा दुखतच नव्हता," ती म्हणाली. "अरे वेड्या, मला तरी सांगायचंस!"

तिनं गाडी विकली नाही. रविवारी स्वतः चालवत ती हॉटेलामागे घेऊन गेली आणि मला वेंडेलच्या हातात दिलं. तो आता काठी टेकत चालतो. त्यानं ती ओळ दोनदा वाचली.

"मी मस्करी करत होतो गं," तो म्हणाला. "नुसती मस्करी."

त्या दिवशी कुणीच कुणाच्या गाडीला नावं ठेवली नाहीत.

आता मी परत सीटखाली आहे. मर्ल म्हणतो, माझी गाडी केव्हाच भंगारात गेली असणार. साध्या गाड्या कोण जपतं? असेलही तसं. पण तुम्हाला कुठं जुनी, हिरवी, सहा सिलिंडरची गाडी उभी दिसली, तर तिची मागची सीट तेवढी उचलून बघा. तिथं ऑर्विलचा कागद आहे. ऑर्विल खरं बोलत होता, असं त्यावर छापलेलं आहे.