इदलहोंडच्या गेटावरचा हॉर्न

इंग्लंडात लोक हौसेनं तिकीट काढून जुन्या डिझेल रेल्वेगाडीत बसतात, असं माझी मुलगी सौम्या म्हणाली तेव्हा मला हसू आलं. तीस वर्षं डिझेलचा धूर खाल्लेल्या माणसाला विमानात घालून तिकडं न्यायचं आणि परत डिझेलमध्येच बसवायचं, ही काय सहल झाली? आमच्या वडगावात कळलं तर लोक मला वेड्यात काढतील, म्हटलं. पण लेकीची हौस. गेलो.

आणि बसल्या बसल्या पाघळलो. बाकडी गुबगुबीत, काचा लख्ख, सगळाच थाट वेगळा. पण इंजिन सुरू झालं तेव्हा पायाखालची जमीन आमच्या गाडीसारखीच थरथरली. वासही तोच. तिकडच्या रेल्वेनं ही इंजिनं केव्हाच मोडीत काढली होती, आणि काही हौशी म्हाताऱ्यांनी ती घासूनपुसून जिवंत ठेवली होती. आपले वडील भारतात रेल्वे ड्रायव्हर होते, असं सौम्यानं त्यांच्यातल्या एकाला सांगितलं. त्यानं मला पुढं केबिनमध्ये घेतलं आणि एका वळणावर हॉर्नकडं बोट दाखवलं.

मी वाजवला. खरं तर मी नव्हे, हातानं वाजवला. एक लांब, दोन आखूड. गाडी परक्या हिरव्या कुरणातून चालली होती आणि मला रुळांकडेला एक कौलारू घर दिसलं, दारात हात वर करून उभी असलेली बाई दिसली. डोळे भरून आले. म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं. त्याला वाटलं, आनंदानं.

ते घर रवळूअण्णाचं, इदलहोंडच्या रेल्वे गेटाशेजारी. अण्णा ड्रायव्हर आणि मी त्याचा असिस्टंट. लोंढ्याहून बेळगावला येताना ते गेट आलं की अण्णा एक लांब, दोन आखूड वाजवायचा. म्हणजे आज ड्यूटी बेळगावात संपते, जेवायला घरी येतो. पुढं जायचं असेल त्या दिवशी नियमापुरता साधा हॉर्न. यशोदावैनी दारात येऊन हात वर करायच्या आणि चुलीकडं वळायच्या. अण्णा बसनं परत येईपर्यंत नाचण्याच्या भाकऱ्या तयार. कधी अण्णाचे हात गुंतलेले असले, तर माझ्या बाजूचा हॉर्न वाजवून मीच निरोप द्यायचो.

सव्वीस वर्षांमागं एका सकाळी लोंढ्याच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत, अण्णा चहाचा कप घेऊन बसला, तो उठलाच नाही. पण गाडी कुणासाठी थांबत नाही. दुसरा ड्रायव्हर आला, हुबळीचा, अनोळखी. मी माझ्या जागेवर बसलो, डोकं बधिर झालेलं. गेट आलं आणि हात गेला. एक लांब, दोन आखूड. वाजवून झाल्यावर मला कळलं मी काय केलं ते. खिडकीतून बघितलं तर वैनी दारात आल्या होत्या. त्यांनी हात वर केला.

संध्याकाळी आम्ही चौघं अण्णाला घेऊन घरी गेलो. चुलीशेजारी भाकऱ्यांची चवड फडक्यानं झाकून ठेवली होती. मेलेल्या माणसाच्या नावानं मी त्या बाईला येतो म्हणून कळवलं होतं. ते सांगायची हिंमत मला झाली नाही.

पुढं मी ड्रायव्हर झालो. अठरा वर्षं त्या गेटावरून गाडी नेली. साधा हॉर्न वाजवायचो आणि घराकडं बघायचो नाही. पण जेवायला बसलो की ताटावर तो हॉर्न ऐकू यायचा, रिटायर झाल्यावरही. बायको म्हणायची, तुमचं जेवणात लक्ष नसतं.

इंग्लंडहून आल्यावर आठ दिवसांत मी इदलहोंड गाठलं. वैनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. समोर रुळांवर आता विजेच्या तारा आल्या आहेत. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं आणि माफी मागितली.

वैनींची बोटं सुपात फिरत राहिली. मग म्हणाल्या, "म्हाईत हुतं मला. त्येंचा लांबचा हॉर्न गेटापास्नं फणसापतोर चालायचा. तुमचा मधीच तुटायचा. त्या दिशी तर लईच तुटला. तवाच कळलं, कायतरी वाईट झालंय."

"मग भाकऱ्या कशाला थापलासा, वैनी?"

"मग काय करायचं हुतं हातांनी?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "त्येचा राग न्हाय मला, भावजी. त्यानंतरचा हाय. गाडी तुमची हाय, हे मला हॉर्नवरनं कळायचं. रोज दारात येऊन हुबी ऱ्हायचे. वाटायचं, त्येंच्या नावानं एकदा तरी वाजवशीला. अठरा वर्सं तुमी मान फिरवून गेलासा."

इतकी वर्षं मला वाटत होतं, मी एकदा हॉर्न वाजवून त्या बाईचा गुन्हेगार झालो.

तेवढ्यात लोंढ्याकडून गाडी आली, विजेच्या इंजिनाची. वैनी गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि दारात जाऊन त्यांनी हात वर केला. मी त्यांच्या मागं उभा होतो. नियमापुरता साधा हॉर्न वाजला. ड्रायव्हर आमच्याकडं न बघता निघून गेला, मी जायचो तसा.