उंबऱ्याशी थांबणारी पावलं

“दख, दख तिना पाय! मोरीमाईन निंघनी आनि मना दारशी यीसन थांबनी. मांगे फिरेल पाय कोठेच नहीत!”

शोभाबाईच्या आरड्याने परराज्यात मजुरीला आलेल्यांची पर्वत पाटियाची ती सगळी चाळ गोळा झाली. सामाईक मोरीपासून फरशीवर ओल्या पावलांची रांग होती आणि ती खरोखरच शोभाबाईच्या उंबऱ्याशी संपत होती. प्लेगच्या भीतीने अर्धी चाळ गावाकडे पळाली, तेव्हा मागे राहिलेली तिची सून तारा पाण्याच्या टाकीत पडून मेली होती. वर्षाच्या आत ताराच्या नवऱ्याचं, लखनचं, दुसरं लग्न झालं. नव्या जयश्रीच्या गळ्यात मेलेल्या सवतीने छळू नये म्हणून तिच्या नावाचा चांदीचा टाक बांधला होता आणि आता तिला दिवस गेले होते. पाण्यात मेलेली बाई ओल्या पायांनी नाही यायची, तर काय चपला घालून येईल?

घोळक्यामागे उभ्या असलेल्या सुंदराच्या अंगावर काटा आला. पावलं तिचीच होती, तरीही आला.

शेवटच्या बाळंतपणापासून तिला लघवी धरवत नव्हती. मजुरीच्या साड्यांचा गठ्ठा उचलला, शिंक आली की लुगडं ओलं. नवऱ्याला, दगाला, यातलं काही ठाऊक नव्हतं. अंधार असतानाच ती मोरीत लुगडं धुवायची. ओल्या पावलांचा माग आपल्या दारापर्यंत नको, म्हणून वाटेतल्या शोभाबाईच्या दारच्या गोणपाटावर पाय पुसायची. अक्कल चालवायला गेली आणि चाळीत भूत उभं करून बसली! अलीकडे मोरीतून परतताना आपल्यामागे आणखी एक पाऊल चपकन पडतंय, असं तिला वाटे. ती वळून पाहत नसे.

शेवटी एका मंगळवारी ती एकटीच सरकारी दवाखान्यात गेली.

“बेन, आ तो घणी बहेनोने थाय छे. मटी जाय,” डॉक्टरीणबाई गुजरातीत म्हणाल्या, अगदी सर्दीबद्दल बोलावं तशा; पुष्कळ बायकांना होतं, बरंही होतं. बाळंतपणांनी लघवीची पिशवी धरून ठेवणारे स्नायू सैल पडतात. लघवी रोखताना आवळतो तसे ते आवळायचे, सोडायचे, रोज, काही महिने. पाणी पिणं कमी करायचं नाही, उलट ठरल्या वेळी लघवीला जायचं. गुण नाहीच आला, तर आतून आधार द्यायला रबरी कडी बसवता येते, आणि शेवटी ऑपरेशन. बाहेर येऊन सुंदरा भिंतीला टेकून रडली. बरं होता येतं, हे तिला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं.

पण गुण यायला महिने लागणार होते आणि अवस तर चार दिवसांवर होती. जयश्रीला ताराने धरलंय म्हणून शोभाबाईने भूत उतरवायला भगत बोलावला.

अवसेच्या संध्याकाळी जयश्रीला ओट्यावर बसवलं, केस मोकळे सोडले. भगताने मिरच्यांची धुरी तिच्या तोंडाशी धरली.

“बोल! कोन शे तू?”

जयश्री पोट धरून गुदमरत होती. भगताने कडुनिंबाचा फोक उचलला, तशी सुंदरा पुढे झाली.

“सोडा तिले! त्या पाय मना शेतस. माले लघवी धरास नही. मी पहाटे लुगडं धोस.”

भगताने फोक तिच्याकडे वळवला. मग भगत ओरडला, “इना तोंडघाई ताराच बोली ऱ्हायनी!”

सुंदरा “नही” म्हणायला गेली आणि धुरीने तिला खोकल्याची उबळ आली. सगळ्यांसमोर पायांतून पाणी ओघळलं. बाया किंचाळत मागे सरल्या. दगाही सरला. लखन जयश्रीला उचलून घरात नेत होता. भूत आपल्यावर आलं तर ती सुटते, हे पाहिलं आणि सुंदराने तोंड मिटलं. लुगडं कोरडं राहिलं असतं, तर आपलं खरं अजून सांगत राहिली असती. ती जयश्रीच्या जागी जाऊन बसली आणि तिने स्वतःच अंबाडा सोडला.

तेव्हापासून तिच्या हातचं पाणी कुणी पिईना. दगा बाहेर निजू लागला. ती मात्र नेमाने आवळायची, सोडायची.

एका दुपारी शोभाबाई दाराशी आली. पाय एकमेकांना घट्ट आवळून, खाली बघत पुटपुटली, “सुंदरा... ती डाक्टरीन कोनता वारे बसस?”

“मंगळवारे,” सुंदरा म्हणाली. “मी येस संगे.”

मंगळवारी दोघी निघाल्या. सुंदरा दिसताच नळावरच्या बायांनी आपापले हंडे ओढून घेतले. शोभाबाईने तिचा हात सोडला नाही.