वरचं काडतूस

दुसऱ्या एका शहरात रोकड नेणारी गाडी लुटली गेली आणि आमच्या साहेबांना घरबसल्या शौर्याचा झटका आला. गाडीवरच्या रक्षकांसाठी त्यांनी जादा दाबाची काडतुसं मागवली. "नेहमीच्यापेक्षा जोरदार. एकदा बसली की माणूस उठायला नको."

बसणार कुणाला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मी तोंड उघडलं. एकोणीस वर्षं कंपनीचं शस्त्रागार माझ्याकडे आहे. चौदा पिस्तुलं मी याच हातांनी खोलते, पुसते, जोडते.

"साहेब, दाब जादा म्हणजे धक्का जादा. नळीवर, सांगाड्यावर आणि आतल्या स्प्रिंगवर. पिस्तूल बनवणाऱ्यांनी पुस्तकात लिहिलंय, कुठल्या पिस्तुलाला ही चालतात. आपल्या सहांना चालत नाहीत. उरलेल्या आठांच्या स्प्रिंगा दमल्यात, त्या आधी बदला."

"मावशी, तुम्ही पुस्तकं फार वाचता."

सहा पिस्तुलं मी कुलपात टाकली. नव्या स्प्रिंगांच्या मागणीचा कागद मात्र तीन महिने साहेबांच्या टेबलावर चहाच्या कपाखाली पडून राहिला. त्यावर गोल डाग पडले, सही पडली नाही. आठ रक्षक तीच काडतुसं कमरेला लावून फिरत राहिले.

त्या आठांत माझी भाची होती, धाकट्या बहिणीची मुलगी. तिच्यामुळेच सगळे मला मावशी म्हणतात, पन्नाशीचे बाप्येसुद्धा. नवरा सोडून गेलेला, पदरात पाच वर्षांची पोर. आधी ती फाटकावर होती, एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. रात्रपाळीत पोरीला शेजाऱ्यांकडे झोपवायची. गाडीची ड्यूटी दिवसाची. सहा महिन्यांसाठी गाडीवर घेतलं होतं, आता नेमबाजीची चाचणी पास झाली की कायम. नाही झाली तर पुन्हा फाटक.

चाचणी शुक्रवारी सकाळी, गोदामामागच्या मैदानात. साहेबांचा हुकूम होता, जी काडतुसं रोज बाळगता तीच उडवायची. हा हुकूम बरोबर होता. माणूस चुकून कधीतरी बरोबर बोलतो.

पहिला नंबर भाचीचा. कानाला मफ, डोळ्याला चष्मा, नळी लक्ष्याकडे. पिस्तुलाची वरची सरकती स्लाइड ओढून तिने काडतूस आत घेतलं, ते सरकताना तिला काहीतरी खटकलं आणि ती थांबली. मग मुठीतलं मॅगझिन काढलं, स्लाइड पुन्हा ओढली, आतलं काडतूस बाहेर घेतलं आणि पिस्तूल उघडं करून टेबलावर ठेवलं.

"मावशी, जरा या. हे बुटकं दिसतंय का हो?"

तिने ते काडतूस मॅगझिनमधल्या दुसऱ्याशेजारी उभं केलं होतं. मी मोजायला व्हर्निअर लावला. टोकाची गोळी पितळी पुंगळीत जवळजवळ दीड मिलिमीटर आत गेली होती.

कारण मला लगेच कळलं. आमच्याकडे एक रीत आहे. सकाळी पिस्तूल भरायचं, संध्याकाळी माझ्या खिडकीशी वाळूच्या पिंपाकडे नळी करून रिकामं करायचं. आतून निघालेलं काडतूस परत मॅगझिनमध्ये सगळ्यात वर. सकाळी पुन्हा तेच आत. ही रीत कॅप्टनची, गाडीवरच्या रक्षकांच्या प्रमुखाची. तो लष्करात कधीच नव्हता, मिशांमुळे कॅप्टन. प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा, "पहिली गोळी ओळखीची असावी. अनोळखी माणसाला आपण घरात घेतो का?" लोक हसायचे आणि ऐकायचे.

रोज स्लाइड आपटते, काडतुसाचं नाक आत शिरताना धडकतं, गोळी केसभर मागे सरकते. गोळीमागची दारूची जागा कमी झाली की बार उडताना दाब वाढतो. साध्या काडतुसातही हे वाईटच. ही तर आधीच काठोकाठ भरलेली, पिस्तूल हातातच फुटायचं. तीन महिने ते काडतूस रोज संध्याकाळी माझ्यासमोरून गेलं. मी काडतुसांचा आकडा जुळवत होते. बघत नव्हते. साहेबांना शिव्या घालण्यात माझी निम्मी अक्कल खर्च झाली होती.

"काय चाललंय?" साहेब ओरडले. "उडव!"

"नाही उडवणार," भाची म्हणाली.

"मग जा फाटकावर."

तिने हात मागेच ठेवले. "जाईन. हात शाबूत घेऊन जाईन."

"घाबरली हो!" मागून कुणीतरी खिदळलं.

"कॅप्टन," साहेब म्हणाले, "हिला दाखव कसं उडवतात ते."

कॅप्टन पुढे आला. आपलं पिस्तूल घेतलं, नळी लक्ष्याकडे केली. मी म्हटलं, "कॅप्टन, तुमच्या पाया पडते. आधी वरचं काढून बघा." त्याला बघायचं नव्हतं. बघणं म्हणजे आपणच पोरांना खड्ड्यात घातलं हे मान्य करणं. तरी त्याने मॅगझिन काढलं, वरचं काडतूस टेबलावर भाचीच्या काडतुसाशेजारी उभं केलं.

त्याचं तिच्याहून बुटकं होतं.

कॅप्टन मागे वळून म्हणाला, "काढा रे सगळे. एकेकाने. नळी तिकडे ठेवून." आठांतली सहा काडतुसं अशीच, गोळी आत बसलेली निघाली. खिदळणाऱ्याचंही.

"एवढ्याने काय होतंय?" साहेब म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"काही होत नसेल," कॅप्टन म्हणाला. "तुम्ही उडवा ना साहेब. हे घ्या माझं."

साहेबांनी हात पुढे केला नाही. मैदानात कुणी हसलं नाही, हे त्यांना जास्त लागलं असावं. मी पिशवीतून स्प्रिंगांचा नवा कागद काढला. तो त्यांनी गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही केला. न वाचता. मला चाललं.

चाचणी दहा दिवस पुढे गेली. स्प्रिंगा आल्या, मी आठही पिस्तुलांत बसवल्या. जोरदार काडतुसं सीलबंद करून पुरवठादाराकडे परत गेली, बसलेली सहा नष्ट करायला वेगळी दिली. रक्षकांना पुन्हा साधी मिळाली. खिडकीशी मी लाल डबा ठेवला. एकदा आत जाऊन आलेलं काडतूस त्यात, पुन्हा वर नाही. दर शनिवारी मापून, सरावात उडवून संपवायचं. हे सगळ्यांना कॅप्टनने सांगितलं, माझ्याआधी, भर हजेरीत. "मी चुकीचं शिकवलं होतं," म्हणाला. या कंपनीत हे वाक्य मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

दुपारच्या नव्या चाचणीत भाचीने चाळीसपैकी सदतीस लक्ष्यात बसवल्या. तीन कुठे गेल्या म्हणून कॅप्टनने तिला झापलं, आणि कागदावर 'गाडीसाठी योग्य, कायम' लिहून पेन तिच्याच हातात दिलं.

"सही कर, बाई. इथे."

तिने केली. मग घड्याळ बघितलं, पाच वाजून गेले होते, आणि पोरीला आणायला शाळेकडे पळाली.