बिनविरोध

तापीकाठच्या त्या गावात सरपंचपदाची निवडणूक बिनविरोध करायचं ठरलं. बिनविरोध झालेल्या गावाला सभामंडप मिळणार होता. मारुतीच्या पारावर गावातले वडीलधारे दोधूआबा यांनी उमाकांतचं नाव घेतलं आणि प्रत्येक घरातल्या कर्त्यानं मान डोलावली. प्रमिलाबाईंच्या घरातून त्यांचा मुलगा हेमकांत गेला होता.

"आपल्या घराचा होकार दिला," तो जेवताना म्हणाला.

"मले कोनी इचारं का?" प्रमिलाबाईंनी विचारलं. त्याला ती चेष्टा वाटली.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी प्रमिलाबाई एसटीनं शहाद्याला गेल्या आणि स्वतःचा अर्ज भरून आल्या. संध्याकाळी उमाकांत ओट्यावर येऊन बसला. तो त्यांचा चुलत पुतण्या लागत होता.

"काकू, मन्हावर राग शे का?"

"राग कसाना? तू चांगला शे. मी मत तुलेच दिसू. पन मन्हं मत दुसरा कोनी दई टाकं, हाई मले चालाव नही."

उमाकांत निघायला उठला. चहा मात्र प्याला.

अर्ज मागे घ्या म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. शेजारच्या सरलाबाईंनी तर बोलणंच सोडलं. रोज भिंतीपलीकडून येणारी हाक बंद झाली, याचं प्रमिलाबाईंना फार वाईट वाटलं. तरी त्या प्रचाराला बाहेर पडल्या नाहीत आणि मागेही हटल्या नाहीत.

मतदानाला शाळेपुढे बायकांची रांग पुरुषांच्या रांगेपेक्षा लांब झाली. प्रमिलाबाईंनी उमाकांतला सांगितल्याप्रमाणे त्याच्याच नावापुढचं बटण दाबलं. तो मोठ्या फरकानं निवडून आला. सभामंडप बिनविरोध झालेल्या पलीकडच्या गावाला गेला.

पण प्रमिलाबाईंनाही मतं पडली होती, चांगली पाऊणशे. ती कोणाची, यावर पारावर बरेच दिवस तर्क चालले. दोधूआबा तर एकेक घर आठवून थकले.

निकालाच्या संध्याकाळी सून काजल भाकरी वाढता वाढता म्हणाली, "आई, मी तुम्हाला..."

"सांगू नको," प्रमिलाबाई म्हणाल्या. "ते तुन्हं शे."

हेमकांतनं हातातला घास खाली ठेवला. "मला तरी सांग."

काजलनं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि चुलीकडे वळली.