डब्यांवरची नावं

चिठ्ठी तिने टेबलावरून लेकीपुढे सरकवली आणि पंख्याने उडू नये म्हणून वर खोडरबर ठेवला.

“वाच.”

“दादा घरी आला. त्याची छत्री दारात ठिबकत होती. आईने त्याला टॉवेल दिला.” लेकीने एका दमात वाचलं, कुठेही न अडखळता.

“मग बाहेर काय चाललं होतं? विचार करून सांग. घाई नाही.”

लेकीने चिठ्ठी उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती.

“लिहिलेलं नाही.”

“अगं ठमे, छत्री कशाने ठिबकते?”

“पण लिहिलेलं नाही ना!”

बाईंनी शाळेत हेच सांगितलं होतं. वाचते घडाघडा, पण डोक्यात उतरत नाही. तिसरीच तर आहे, पुढच्या वर्षी येईल गाडी रुळावर. ती मान डोलावून उठली होती. पुढच्या वर्षाचं तिने बाईंना काही सांगितलं नाही. ते तिला ठाऊक होतं, नवऱ्याला ठाऊक होतं, आणि कपाटावर पाहुण्यांच्या चादरींखाली ठेवलेल्या फाइलमध्ये होतं. डॉक्टरांनी वर्ष हा शब्द काढलाच नव्हता. महिने म्हणाले होते. परीक्षा होईपर्यंत लेकीला कळू द्यायचं नाही, एवढं दोघांनी ठरवलं होतं. पण तोवर नुसतं वाचता येऊन भागणार नव्हतं. औषधाच्या बाटलीवरचं, शाळेच्या सूचनेतलं, लोकांच्या गोड बोलण्यातलं तिचं तिला उमगायला हवं होतं. म्हणून रोज शाळा सुटली की पाच चिठ्ठ्या.

नवरा आतून कंगवा घेऊन आला. “चला, गिऱ्हाईक कुठंय?”

“बाबा, सकाळची वेणी शाळेत पोचायच्या आधीच सुटली.”

“वेणी कसली, ती नाडी होती. आता बघ, पक्का दोरखंड वळतो.”

“तीन पेड सारखे घे,” ती म्हणाली. “आणि ओढू नकोस रे, तिला दुखतं.”

तिचे हात शिवशिवले. तिने ते मांडीखाली दाबून धरले. त्याने एक पेड चुकवला, पुन्हा सोडला, पुन्हा धरला.

चौथी चिठ्ठीही चुकली. पाचवी लिहायला तिने कागद ओढला, तर लेकीने त्यावर हात ठेवला.

“ही मी लिहिणार. तू ओळखायचं. बाई म्हणाल्या, कधी कधी उलटं करायचं.”

“बरं बाई, लिही.”

कोपराचा आडोसा करून, जीभ दातांत धरून लेक बराच वेळ लिहीत राहिली. मग तिने चिठ्ठी सरकवली आणि वर खोडरबर ठेवला.

‘एका आईने सगळ्या डब्यांवर नावं चिकटवली. मोठ्या अक्षरात. त्या आईला न बघता डबे सापडतात. तिने मुलीला खूप मोठे बूट आणले. ते आत्ता होत नाहीत. तिचे बाबा वेणी शिकतात. प्रश्न : आई कुठे जाणार आहे?’

तिने वाचलं. परत पहिल्या ओळीपासून वाचलं. लेकीच्या डोक्यामागे कंगवा थांबला होता. स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून फळीवरचे डबे दिसत होते. मीठ. साखर. तांदूळ. सगळी तिचीच अक्षरं, लांबूनही वाचता येणारी.

तिने चिठ्ठी उलटून पाहिली.

“लिहिलेलं नाही गं,” ती म्हणाली.

“नसतंच लिहिलेलं.”

अर्धी वेणी बाबांच्या मुठीत होती, त्यामुळे लेकीला मान वळवता येत नव्हती. तिने चाचपडत लाल पेन्सिल शोधली, बरोबरची खूण करायला टोक कागदावर टेकवलं आणि तशीच थांबली.

“विचार करून सांग,” लेक म्हणाली. “घाई नाही.”