रुक्मिणबाईची जागा

लातूरच्या ख्रिस्ती मंडळीचा वार्षिक अहवाल तिचे पाळक सोमेश यांनी गुरुवारी पुरा केला. रविवारी उपासनेला येणारे एकशेचाळीस होते, ते दोनशे दहा झाले. बाप्तिस्मे एकोणीस. नांदेडहून वरिष्ठांचा फोनही आला, "तुमचं उदाहरण सगळीकडे सांगतो." तरी पाळकांचं मन काही थाऱ्यावर नव्हतं.

अहवालाला जोडायला त्यांनी गेल्या नाताळचा फोटो शोधून काढला. पुढच्याच बाकावर रुक्मिणबाई. औशाहून दर रविवारी एसटीनं येणारी एकटी म्हातारी. शेवटची कधी दिसली होती?

"उन्हाळ्यापासून नाहीत वाटतं," बायको मंजुश्री म्हणाली.

दुपारीच ते औशाला गेले. दार शेजारच्या गुरम्मांनी उघडलं. कपाळावर विभूती, हातात भाकरीचं ताट. आत रुक्मिणबाई खाटेवर पडलेल्या. एप्रिलात मोरीत घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं.

"कळवलं का नाही?" पाळकांनी विचारलं.

"पाच रविवार वाट बघितली. म्हनलं, माझी जागा रिकामी दिसल कुनाला तरी. मग कळलं, तिथं लई गर्दी हाय."

"दोन्ही टायमाची भाकर मीच देतेय," गुरम्मा म्हणाल्या. "तुमच्यात माणसं मोजत न्हाईत का?"

"मोजतो," पाळक कसंबसं म्हणाले. "आलेली."

प्रार्थनेसाठी त्यांनी डोळे मिटले.

"ते मागून करा," गुरम्मा म्हणाल्या. "आधी हात लावा, चादर बदलायची हाय."

त्यांनी हात लावला. रुक्मिणबाई विव्हळल्या.

रविवारी अहवाल वाचायच्या वेळी पाळक म्हणाले, "आपल्या शेजारी कोण बसायचं, जे आता येत नाही? नावं सांगा." सभागृहात चुळबुळ झाली. कमिटीचे मलप्पा कुजबुजले, "साहेब, नांदेडला उद्या पाठवायचाय." संध्याकाळपर्यंत तेवीस नावं जमली. सहा जणांचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. ती यादी पाळकांनी अहवालाला पहिल्या पानावर लावून पाठवली. नांदेडनं ते पान काढायला सांगितलं. त्यांनी काढलं नाही, आणि त्यांचं उदाहरण कुणी कुठं सांगितल्याचंही कानावर आलं नाही.

मंडळीतल्या बायका आता पाळीपाळीनं औशाला जातात. रुक्मिणबाई त्यांच्याशी बोलतात, पाळकांशी अजून तुटकच.

पाळक दर सोमवारी यादी खिशात घालून निघतात. परवा किल्लारीत यादीतल्या एकानं त्यांना ओळखूनही दार लावून घेतलं. पाळक तासभर ओट्यावर बसून राहिले; मग पुढच्या नावाचं घर विचारत चालू लागले.