डाव्या हाताचे दाते

चेनसॉला, म्हणजे साखळीच्या करवतीला, धार लावायचं साधन निवडायला बायकोने सोबत गेलंच पाहिजे असं काही नाही. पण वहिनी गेली. गल्लीत सगळेच तिला वहिनी म्हणत, कारण धाकटा दीर रोज त्याच नावाने हाका मारत घरात शिरायचा. हल्ली त्याचं येणं बंद झालं होतं, आणि त्यामुळेच तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दोघे भाऊ झाडं तोडायचे. तिचा नवरा वर चढून फांदी कापायचा आणि धाकटा खाली दोर धरून ती हवी तिथे उतरवायचा. गेल्या महिन्यात एक फांदी भलतीकडेच वळली, धाकट्याच्या डोक्याला चाटून कुंपणावर आदळली. नवऱ्याने वरूनच, चार लोकांसमक्ष, भावाला फैलावर घेतलं, "दोर ढिला सोडलास! लक्ष कुठे असतं तुझं?" धाकट्याने हातमोजे काढले, गाडीच्या टपावर ठेवले आणि एक शब्द न बोलता घर गाठलं. तेव्हापासून हा इकडे गाल फुगवून, तो तिकडे मूग गिळून. मधल्या मध्ये वहिनी दोघांचे निरोप न्यायला तयार, पण निरोप द्यायला कोणी तयार नाही.

"करवतच तिरपी जातेय गं," नवरा पुढे एकदा म्हणाला. "कानस झिजलीय. नवीन काहीतरी घेतो, चांगली धार लावतो आणि रविवारी कोणीतरी रोजावरचा माणूस दोराला उभा करतो." परक्या माणसाच्या भरवशावर हा वर चढणार, हे ऐकून ती दुकानात त्याच्यासोबत निघाली.

दुकानदाराने काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. साधी गोल कानस. दुसरी तशीच कानस, पण वर पत्र्याची पट्टी बसवलेली, पट्टीवर तिरप्या रेघा; रेघ साखळीला समांतर धरली की कोन चुकत नाही. तिसरं विजेवरचं यंत्र, टेबलाला आवळायचं, गरगर फिरणाऱ्या चाकाचं.

"यंत्रच द्या," नवरा म्हणाला. बाकीच्या दोन वस्तूंना त्याने हातही लावला नाही. एरवी साधा खिळा घेतानाही दुकानदाराचा जीव नकोसा करणारा माणूस!

"यंत्र झटपट काम करतं," दुकानदार म्हणाला, "पण जरा जास्त वेळ टेकलं तर दाता तापून निळा पडतो. मग धार टिकत नाही. घरच्या घरी एका करवतीला पट्टीवाली कानस पुष्कळ झाली."

वहिनी शिवणकाम करायची. फिरत्या चाकावर धार लावून आणलेली तिची चांगली कात्री अशीच वाया गेली होती. तिने पट्टीवाली कानस उचलली आणि विषय संपवला. घरी आल्यावर नवऱ्याने कानस खिडकीत ठेवून दिली, ती तिथेच राहिली. आज लावतो, उद्या लावतो. रविवार जवळ आला तसं वहिनीला वाटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

शेवटी तो बाहेर गेलेला बघून तिने स्वतःच करवत टेबलावरच्या शिकंज्याच्या जबड्यात घट्ट आवळली. पहिल्या दात्यावर शिवणकामाच्या खडूने खूण केली, म्हणजे फेरी कुठे पुरी झाली ते कळावं. साखळीत एक दाता उजवीकडचा, एक डावीकडचा असतो. कानस पुढे ढकलायची, मागे आणताना उचलायची. आधी एका बाजूचे सगळे, मग हात बदलून दुसऱ्या बाजूचे. पहिली बाजू छान झाली. डाव्या हाताने ढकलायची वेळ आली तेव्हा तिने दाते निरखून पाहिले आणि तिचा हात थांबला.

या बाजूचे दाते लांब होते आणि बोथट होते. कानस त्यांच्यावरून नुसती घसरत गेलेली. उजव्या हाताने घासलेले झिजून आखूड झालेले आणि डाव्या हाताचे जवळपास नव्यासारखे. अशी करवत तिरपी जाणार नाही तर काय होईल? आणि हा तर दोन्ही हातांनी सारखी धार लावण्याबद्दल मिरवणारा माणूस. मध्यंतरी त्याने सगळ्या शर्टांची बटणं काढून टिचबटणं लावून घेतली होती. आळशीपणाबद्दल तिने त्याला चिडवलंही होतं. आता तिला कळलं, ती एका हाताने लागतात.

तो दारात येऊन उभा राहिला. शिकंजा पाहिला, तिचा चेहरा पाहिला.

"यंत्र कशाला हवं होतं तुम्हाला?" तिने विचारलं.

"सोपं पडतं."

"यंत्राने दोन्हीकडचे दाते सारखे झाले असते. मग कोणाला कळलं नसतं. पण अहो, हात तर तोच राहिला असता ना? त्याच हाताने वर फांदी धरणार होतात."

तो खुर्चीवर बसला. मग त्याने उजव्या हाताने फोन काढला आणि भावाला लावला. आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"दोर तू बरोबर धरला होतास," तो म्हणाला. "चूक माझी होती. माझा डावा हात चालत नाही."

"माहितीय मला," धाकटा म्हणाला. "खालून सगळं दिसतं, दादा. गाठ मारताना दातांनी दोर धरायला लागला होतास तू."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस? चार लोकांसमोर ऐकून घेतलंस. वर रुसून बसलास."

"रुसलो कुठे? तुला सांगून तू ऐकणारा आहेस का? म्हटलं, दोराला मी नसलो तर दादा झाडावर चढणार नाही. म्हणून घरी बसलो."

नवऱ्याने तोंडावर हात ठेवला. फोनमध्ये धाकटा "दादा? दादा?" करत राहिला. वहिनीनेच त्याला सांगितलं, की भाऊजी, आधी इकडे या.

मग ती नवऱ्याच्या शेजारी बसली. त्याने डावा हात आपण होऊन तिच्यापुढे टेबलावर उलटा ठेवला. तिने करंगळीचं टोक दाबलं.

"इथे कळतंय?"

"नाही."

तिने पुढचं बोट दाबलं.

"इथे?"

"नाही गं," तो म्हणाला, आणि तिला दिसत असूनही त्याने डोळे पुसले नाहीत.